हलकेपणाचा हव्यास

ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांचें यंत्रांशीं नातें जुनें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली व पुढच्याच सालीं रूळ कल्याणास पोंचले. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, तेव्हां वागळे इस्टेटींत कारखाने उभे राहिले. मागाहून डोंबिवलीसही वसाहत झाली. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील किंवा आजोबा लेथवर राबूनच संसार चालवीत आले आहेत. म्हणूनच या पानांत एका यांत्रिक विषयावर लिहिण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

गेल्या पावसाळ्यांत कल्याणच्या एका लहानशा गॅरेजांत आम्हीं एक जुनी मोटारसायकल पाहिली. ती होती राजदूत ३५०. १९८३ सालीं एस्कॉर्ट्‌स कंपनीनें यामाहाच्या सहकार्यानें ती भारतांत काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिचें उत्पादन थांबलें. जपानांतील मूळ गाडीस पुढल्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडील गाडीस मात्र ड्रम ब्रेक दिला होता. या तरुण मालकानें ड्रम काढून डिस्क बसविली होती. येथवर त्याचें काहीं चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यानें त्या चकतीला ओळीनें साठ भोकें पाडलीं होतीं आणि वर लेथवर ती तासून पातळही केली होती. कशासाठीं, असें विचारतां तो अभिमानानें म्हणाला, "गाडी हलकी झाली, आतां उडते!" त्याच आठवड्यांत मित्रांसह माळशेज घाटांत जाण्याचा त्याचा बेत होता.

त्याच्या हौसेचें आम्हांस कौतुकच वाटलें. चाकाबरोबर फिरणारें व स्प्रिंगांच्या खालीं असणारें वजन कमी झालें म्हणजे गाडी खड्ड्यांतून नीट जाते व चटकन वळते, हें शास्त्र खरें आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या चकत्यांना भोकें असतात हेंही खरें. १९६९ सालीं होंडाची सी. बी. ७५० ही गाडी पुढच्या चाकास डिस्क ब्रेक घेऊन बाजारांत आली आणि पुढील दशकांत तो प्रकार रूढ झाला. त्या काळच्या स्टेनलेस पोलादाच्या चकत्या पावसांत ओल्या झाल्या कीं ब्रेक उशिरां धरी. भोकांमुळें पाणी लवकर निघून जाई. तेव्हां भोक म्हणजे केवळ नखरा, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु हिशेब करून पाहावा. पांच मिलिमीटर जाडीच्या पोलादी चकतीस दहा मिलिमीटर व्यासाचें एक भोक पाडलें तर जेमतेम तीन ग्रॅम धातु निघतो. साठ भोकांनीं दोनशे ग्रॅमही वजन घटत नाहीं. टाकींत पाव लिटर पेट्रोल कमी भरलें तरी गाडीचा भार तितकाच उतरतो! चाकावरचे ग्रॅम टाकींतल्या ग्रॅमांहून मोलाचे खरे. पण एवढ्यानें गाडी उडूं लागेल हा निव्वळ भ्रम होय.

आतां दुसरी बाजू. ब्रेक म्हणजे गाडीची गति उष्णतेंत पालटणारें यंत्र. गाडी व स्वार मिळून २०० किलो वजन धरूं. ताशीं ६० किलोमीटर वेगावरून थांबतांना सुमारें २८ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ती सारी एकाच चकतींत शिरली असें मानलें, तर दीड किलोची चकती एका थांबण्यांत सुमारें ४० अंशांनीं तापेल. तीच तासून एक किलोची केली तर ६० अंशांनीं तापेल. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आमच्या मुलींना हें स्वयंपाकघरांतूनही ठाऊक असेल: जाड बिडाचा तवा सावकाश तापतो, पातळ पत्र्याचा क्षणांत लाल होतो. घाट उतरतांना वळणामागून वळण ब्रेक दाबावा लागतो व चकतीला निवण्यास उसंत मिळत नाहीं. त्यांतून राजदूत ३५० चें इंजिन दोन स्ट्रोकचें. गॅस सोडला तरी तें गाडीस फारसें आंवरून धरीत नाहीं, म्हणजे सारा भार ब्रेकवरच पडतो. अति तापलेली चकती वाकडी होते, भोकांच्या कडांपासून तडा जाऊं शकतो, आणि उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोंचून तें उकळलें तर दांडी हातांत पोकळ लागते. त्या क्षणीं दोनशे ग्रॅमांची बचत कोणाच्या कामीं येणार?

यावर कोणी म्हणेल, "मग जुनी गाडी आहे तशीच ठेवावी काय?" आमचें मत तसें नाहीं. दुबळ्या ब्रेकच्या जागीं समर्थ ब्रेक बसविणें हा शहाणपणा आहे. हलकेपणाच हवा असेल तर त्याचीही योग्य रीत आहे: मधला भाग अॅल्युमिनियमचा व घासणारी कडा पुऱ्या जाडीची, अशा चकत्या जाणत्या कारखान्यांत हिशेबानें व कसोटीनें बनतात. चकतीवर किमान जाडीचा आंकडा कोरलेला असतो. त्याखालीं ती जाऊं देणें म्हणजे कारखानदाराचा इशारा पुसून टाकणें होय.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम ठामपणें उचलून धरलें. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत जतन केलेल्या गाडीस विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९८३ ची राजदूत २०३३ सालीं त्या वयास पोंचेल. तोंवर जो मालक तिचा मूळ ड्रम व मूळ सुटे भाग कापडांत गुंडाळून जपून ठेवील, तो एका परीनें इतिहासच जपील.

विद्यार्थ्यांनो, यंत्राशीं खेळा. हात काळे झाल्यावांचून विद्या येत नाहीं. परंतु ड्रिल हातीं घेण्यापूर्वीं कागद-पेन्सिल हातीं घ्या. शाळेंत शिकलेलें गतिज ऊर्जेचें सूत्र परीक्षेपुरतें नाहीं. घाटाच्या उतारावर त्याचीच परीक्षा होते. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा गॅरेजांत बसतो म्हणून त्यास रागावूं नये. त्याच्याबरोबर एकदां तेथें जावें, मिस्त्रीला चार प्रश्न विचारावे आणि चकतीची जाडी आपल्या डोळ्यांदेखत मोजून घ्यावी.

त्या तरुणास आम्हीं वरील हिशेब त्याच गॅरेजांत एका जुन्या बिलाच्या पाठीवर मांडून दाखविला. तो बराच वेळ कागदाकडे पाहात राहिला. माळशेजचा बेत त्यानें रद्द केला नाहीं. पण नवी, पुऱ्या जाडीची चकती बसेपर्यंत तो पुढें ढकलला. चालवणारा सुखरूप घरीं आला तरच गाडी खरी वेगवान, असें आम्हांस वाटतें.