आधी रॅम, मग लायसन्स

शहापूरजवळच्या आसनगावहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेली मुलं आता नवी नाहीत. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली मुलं एसटीने कल्याण गाठतात. कुणी ठाण्या-ऐरोलीत नोकरीला, कुणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, तर कुणी घरूनच दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतो: महागडी आयडीई विकत घ्यावी का?

आयडीई म्हणजे कोड लिहिणं, चालवणं आणि त्यातली चूक हुडकणं, या सगळ्याची एकाच ठिकाणी सोय. १९८३ साली बोरलँडने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला आणलं, तेव्हा बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरना विकले जात. त्याच कंपनीच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आपल्याकडच्या कित्येक तुकड्या प्रोग्रामिंग शिकल्या. पुढे २००१ मध्ये आयबीएमने एक्लिप्स खुलं केलं, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड आणलं. दोन्ही फुकट. अँड्रॉइड स्टुडिओलाही कधी पैसे पडले नाहीत.

त्यामुळे शिकणाऱ्याने आयडीईवर एक रुपयाही घालवू नये. आयडीई विकणाऱ्या जेटब्रेन्ससारख्या कंपन्या विद्यार्थ्यांना सशुल्क साधनंही मोफत वापरू देतात. घरच्यांनी पैसे जमवलेच असतील तर ते रॅमवर आणि एसएसडीवर घालावेत. अँड्रॉइड स्टुडिओलाच किमान ८ जीबी रॅम लागते, एमुलेटर चालवायचा तर १६ जीबी. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात महाग आयडीई टाकली, तरी ती हँगच होणार.

कमावणाऱ्याचं गणित वेगळं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एका फंक्शनचं नाव बदललं की ते शंभर फायलींत बिनचूक बदलणं, डेटाबेस त्याच खिडकीत उघडणं, कोड चालवण्याआधीच चूक दाखवणं, ही कामं चांगली सशुल्क आयडीई झटपट करते. तीस दिवसांची चाचणी मिळते. तेवढे दिवस रोज किती वेळ वाचला ते वहीत लिहावं. महिन्याला वाचलेल्या तासांचा मोबदला वर्गणीपेक्षा जास्त निघाला, तर खुशाल घ्यावी. २०१५ मध्ये जेटब्रेन्सने वर्गणीची पद्धत आणली, तेव्हा ग्राहकांनी ओरड केली. मग कंपनीने सवलत दिली: सलग बारा महिने पैसे भरले की वर्गणी थांबवली तरी एक जुनी आवृत्ती कायम आपली राहते. ज्याचं काम हंगामी, त्याच्यासाठी ही सवलत फार मोलाची आहे. डॉटनेटवर काम करणाऱ्या एकट्या माणसाला तर व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती पुरते, तिच्यावर केलेलं काम विकताही येतं.

पेन ड्राइव्हवरून फिरणारी 'क्रॅक' आवृत्ती मात्र कुणीही घेऊ नये. तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच मशीनवर ग्राहकांची बिलं असतात. फुकट, कायदेशीर पर्याय समोर असताना चोरीचं साधन वापरण्याला कसलंच कारण उरत नाही.

मुंबई आयआयटीचे फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअर शिकवत आहेत. स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. शहापूर-मुरबाडच्या प्राध्यापकांना विनंती एवढीच: येत्या सत्रात प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला मुलांकडून एक मोफत आयडीई उतरवून घ्या, आणि तिचा मराठी धडा असेल तर तोही तिथेच लावून दाखवा.