दान जिंकले, गाव हरले

३१ मे २०१९ रोजी न्यूयॉर्कचे ‘डब्ल्यूपीएलजे’ हे नभोवाणी केंद्र कायमचे मूक झाले. १९७१ पासून ते त्या नावाने महानगराला रॉक आणि लोकप्रिय संगीत ऐकवत होते. त्याच दिवशी त्याच लहरींवरून ‘के-लव्ह’ची ख्रिस्ती भक्तिगीते सुरू झाली. ‘क्युम्युलस’ कंपनीने वॉशिंग्टन, अटलांटा यांसह सहा केंद्रे १० कोटी ३५ लाख डॉलरना ‘एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन’ या संस्थेला विकली होती. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसचे आणि २०१८ मध्ये शिकागोचे नामांकित रॉक केंद्रही याच संस्थेने घेतले.

यास धर्माचे आक्रमण म्हणणे सोपे आहे. परंतु या गावांचा आवाज आधी विकला कोणी? १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरातील केंद्रांच्या मालकीवरची ४० ची मर्यादा उठवली. बड्या कंपन्यांनी कर्ज काढून केंद्रे गोळा केली. ‘क्लिअर चॅनेल’कडे सुमारे १,२०० झाली. मग जाहिराती आटल्या, कर्ज मात्र उरले. २०१७ मध्ये ‘क्युम्युलस’ आणि २०१८ मध्ये ‘आयहार्ट’ नाव घेतलेली तीच ‘क्लिअर चॅनेल’ दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या.

ग्राहक मात्र सज्ज होता. १९८२ साली कॅलिफोर्नियातील एका केंद्रापासून वाढलेली ही संस्था जाहिराती घेत नाही. तिचा मुख्य आधार श्रोत्यांची देणगी. सामान्य कुटुंबांच्या नियमित, छोट्या समर्पणाने जे उभे राहिले, ते कर्जाच्या भांडवलाला जमले नाही. संघटनेचे काम करणाऱ्या कोणालाही हे मान्य करावेच लागेल.

तरीही हानी झालीच. एका ठिकाणाहून निघालेला तोच कार्यक्रम शेकडो गावांत वाजतो. गावातला पूर, शाळेची स्पर्धा, नगरपालिकेचा वाद त्यात कुठून येणार? परवान्याच्या गावाजवळ मुख्य स्टुडिओ असावा, हा सुमारे आठ दशकांचा नियमही २०१७ मध्ये रद्द झाला. मात्र गावाला मुके करण्याचा दोष एकट्या भक्तिगीतांचा नव्हे. दूरस्थ व्यापारी कंपन्यांनी तेच आधी केले होते.

भारताने २००५ च्या खासगी एफ.एम. धोरणात धार्मिक आणि राजकीय संस्थांशी संबंधित कंपन्यांना अपात्र ठरवले. नियम सर्व पंथांना सारखा, म्हणून न्याय्य. पण मालक धर्मनिरपेक्ष असला की आवाज स्थानिक राहतो, असे नाही. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ त्यातूनच उभे राहिले. अशी केंद्रे थोडी आहेत, कारण देणारे हात थोडे आहेत.

अमेरिकेतील श्रद्धाळूंनी आपल्या आवाजासाठी खिशात हात घातला. गावाच्या आवाजासाठी गावाने तो घातला नाही. तक्रार करण्यापूर्वी समाजाने हा हिशेब मांडावा.