दुतोंड्या मारुतीला जमतं ते मंडळाच्या सेन्सरला का जमत नाही?

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना एकच विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर येतंच. पण क्युसेक म्हणजे आपल्या दुकानाच्या किती पायऱ्या, हे कोणाला कळतं? मारुतीची कंबर कळते. सराफ बाजारातला दुकानदार तेवढ्या खबरीवर माल वर हलवतो. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुरात हेच. त्याला वायर नाही, सिमकार्ड नाही, पण आकडा सगळ्यांना दिसतो, आणि खोटं वाटलं तर स्वतः गोदाघाटावर जाऊन बघता येतं.

हे आठवायचं कारण म्हणजे आता प्रत्येक ग्रामपंचायतीत हवामानाची यंत्रं बसवायची भाषा सुरू आहे. केंद्राची ‘विंड्स’ योजना त्यासाठीच आहे. टाळ्या वाजवण्याआधी थोडं बोलूया.

आधीच सांगतो, मी यंत्राच्या विरोधात नाही. द्राक्षवाल्यांना तर हे सांगायलाच नको. पान किती तास ओलं राहिलं, त्यावर डाऊनी येणार की नाही हे ठरतं. पूर्वी आभाळ आलं की ब्लोअर बाहेर, शेजाऱ्याने मारली म्हणून आपणही फवारणी मारायची. दिंडोरी तालुक्यात माझ्या मेव्हण्याच्या बागेत आता पानाचा ओलावा मोजणारं यंत्र आहे, मुळाशी मातीतली ओल मोजणारं दुसरं आहे. फवारण्या कमी झाल्या, डिझेल वाचलं, रेसिड्यूची धास्ती कमी झाली. वर्षाची वर्गणी भरतो, कुरकुर करत भरतो, पण भरतो.

मग बिघडलं कुठे?

बागेला लागून त्याचा टोमॅटोचा प्लॉट होता. एका रात्री असा पाऊस झाला की सकाळी वाफे दिसेनात. त्याच्या यंत्रात ८१ मिलिमीटर. मदतीसाठी अतिवृष्टीचा निकष आहे २४ तासांत ६५ मिलिमीटर. पण तो मोजतात महसूल मंडळाच्या केंद्रावर, आणि ते केंद्र त्याच्या शेतापासून बारा किलोमीटर लांब. तिथे त्या रात्री ५२. मोबाईल घेऊन हा कार्यालयात गेला. साहेबांनी स्क्रीन बघितली, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर असेल तुमचं, पण हे आम्हाला धरता येत नाही."

साहेबांचा दोष नाही. नियमच तसा आहे. आणि दोष द्यायचाच तर नियमाला द्या.

२०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, मंडळाला एक. चांगलं काम झालं, आधी तेवढंही नव्हतं. मंडळनिहाय रोजचा पाऊस ‘महारेन’ संकेतस्थळावर येतो, तेही मान्य. पण एका मंडळात पंधरा-वीस गावं. आपल्याकडे पाऊस बांधावर थांबतो, अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ, हे काय मी सांगायला पाहिजे? फळपीक विम्याचंही तेच. अवेळी पाऊस किती, तापमान किती खाली गेलं, हे संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यावरच ठरतं. म्हणजे तुमचं वर्ष ज्या यंत्रावर अवलंबून, ते तुम्ही कदाचित कधी पाहिलेलंही नाही.

आता ते यंत्र आतून कसं असतं ते ऐका. स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा वर नरसाळं आणि आत झोपाळ्यासारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं. प्रत्येक कलंडण्याला एक ठरावीक माप, तेवढेच आकडे पुढे जातात. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, कोळ्याने जाळं केलं, पाखरानं घाण केली, की पाणी थेंब थेंब उतरतं आणि पाऊस कमी दिसतो. फार जोराचा पाऊस झाला तर पात्रं कलंडता कलंडता थोडं पाणी हिशेबातून निसटतं. म्हणजे नेमकी अतिवृष्टी मोजतानाच कमी भरायची शक्यता! बाजूला झाड वाढलं, कोणी भिंत बांधली, तरी फरक पडतो. यात कोणाचं कारस्थान नाही. यंत्र आहे, झाडूपुसू करावं लागतं. प्रश्न एवढाच की शेवटचं कधी केलं, आणि ते मला कोण सांगणार?

माझ्या आईच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावतो, चौदा दिवसांचा. आई पंचाहत्तरीची. पहिल्या दिवशी म्हणाली, "हे काय चिकटवलं रे?" आता नातवाला विचारते, "बघ रे, आंब्यानं किती चढली." या सेन्सरवर माझा विश्वास का आहे? आकडा आधी तिलाच दिसतो, ज्या हाताला लावलाय तिला. डॉक्टर तो बघून औषध बदलतात, "हे आम्हाला धरता येत नाही" म्हणत नाहीत. आणि आकडा विचित्र वाटला की आम्ही बोट टोचून ग्लुकोमीटरवर ताडून बघतो. कंपनीचीच सूचना आहे तशी. त्या आकड्यांची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते, ते मला खटकतं, पण तो विषय आज नको.

मंडळाच्या केंद्राचं बोट कोण टोचणार?

ही काही जगावेगळी मागणी नाही. वीजबिलावर शंका आली तर मीटर तपासून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का लागतो, नसला तर दंड. दोन किलो कांद्याच्या मापाला शिक्का लागतो, आणि ज्या मापावर पूर्ण मंडळाची भरपाई ठरते त्याच्यावर साधी तपासणीची तारीखही लावता येत नाही?

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या यंत्राचा आकडा धरला तर लोक नरसाळ्यात तांब्या ओततील. ओततील ना, एखादा ओतेलही. पण पाच-सहा किलोमीटरच्या टापूत दहा बागांतली यंत्रं एकाच रात्री, एकाच तासाला ७५-८०च्या आसपास बोलत असतील, तर दहा जण पावसात उठून तांब्या घेऊन उभे होते असं समजायचं का? आणि तांब्या पकडणं अवघडही नाही. खरा पाऊस आला की हवेतली आर्द्रता वाढते, पान ओलं होतं, मातीची ओल चढते. तांब्यानं फक्त एकच आकडा उडी मारतो. यंत्र सील करा, नोंदणी करा, वर्षाला तपासा, त्याची फी घ्या. पण शंकेचा फायदा नेहमी एकाच बाजूला का?

म्हणून ग्रामपंचायतीत नवी यंत्रं येतील तेव्हा मला त्यांची नुसती संख्या ऐकायची नाही. चावडीवर फळा पाहिजे, रोजचा पाऊस खडूने लिहिलेला, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल असा. यंत्राच्या खांबावर शेवटच्या तपासणीची तारीख पाहिजे. आकड्यावर हरकत घ्यायला मुदत आणि जबाबदार माणसाचं नाव पाहिजे. आणि हरकत घेताना आजूबाजूच्या नोंदणीकृत यंत्रांचे आकडे पुरावा म्हणून धरलेच पाहिजेत. यात एकही गोष्ट महाग नाही. खडू तर शाळेतूनच मिळेल.

तोवर एक काम आपण करू शकतो. तुमच्या मंडळाचं हवामान केंद्र कुठे आहे ते शोधा. तलाठ्याला विचारा, कृषी सहायकाला विचारा. जाऊन बघा. हात लावू नका, कुंपणाबाहेरूनच फोटो काढा, बाजूला झाड, भिंत, गोठा काय आहे तेही येऊ द्या. गावाचं आणि मंडळाचं नाव लिहून मला पाठवा. निफाड, दिंडोरी, चांदवडपासून सुरुवात करू. पुढच्या ग्रामसभेच्या आधी मला निदान पन्नास फोटो हवेत.