रिकाम्या पुंगळीचा हिशेब

आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीचे वडील राहुरीत भंगाराचा धंदा करतात. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली, तेव्हापासून या मुलीने पिस्तुलाचाच ध्यास घेतला आहे. परवा ते मला भेटायला आले. म्हणाले, "सर, गोळ्या लई महाग असतात म्हणे. पण पितळ तर माझ्या धंद्यातलंच आहे. वापरलेल्या पुंगळ्या परत भरून घेता येत नाहीत का? आणि पोरीला कोणत्या बोअरचं पिस्तूल घ्यावं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण उत्तर देणाऱ्यांची आहे. एक जाणकार त्यांना सांगून गेला की घ्यायचे तर .३२ घ्या, बाकी सगळी खेळणी. दुसऱ्याने मोबाइलवर परदेशी व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, पुंगळ्या घरीच भरा, पैसे वाचतील. तिसरा मोहल्ल्यातला वडीलधारा. त्याचे म्हणणे, आपल्या पोरांनी या भानगडीत पडूच नये. मला या तिघांशीही भांडायचे आहे.

पुंगळी परत वापरता येते, हे खरे आहे. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर फक्त पुंगळी उरते. हे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. दाबाने ते फुगते, नळीच्या भिंतीला चिकटून वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडे आकसते. म्हणून ते पुन्हा मापात आणून भरता येते. दर खेपेला तोंडाकडचे पितळ कडक होत जाते आणि शेवटी चिरते.

पण हे झाले सेंटरफायर काडतुसाचे. .२२ मध्ये वेगळी टोपी नसतेच. स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेला असतो, आणि घोड्याचा आघात ती कडच चेपून टाकतो. ती पुंगळी एकदाच कामाची. नंतर ती फक्त भंगार.

आता ऑलिंपिक पाहा. पिस्तुलाचे वैयक्तिक प्रकार तीन: १० मीटर एअर पिस्तूल, महिलांचे २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचे २५ मीटर रॅपिड फायर. पहिल्यात ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा, तिथे पितळच नाही. उरलेल्या दोन्हींत .२२. म्हणजे ज्या पदकांसाठी आपण टाळ्या वाजवतो, त्यांपैकी एकाही प्रकारात पुंगळी परत भरता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, ते .२२ वर. मनू भाकरची पॅरिसची दोन्ही पदके छर्ऱ्यावरची. ज्याला तुम्ही खेळणे म्हणता, त्याने देशाला पदके दिली आहेत.

.३२ ला कमी लेखण्याचे कारण नाही. २५ मीटर सेंटरफायर हा पुरुषांचा जुना आणि अवघड प्रकार आहे. त्यात ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतचा बोअर चालतो. छिद्राची कड वरच्या रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे कागदावर जाड गोळी फायद्याची. तरीही नेमबाज .३२ पसंत करतात. धक्का कमी बसतो, हात लवकर जागेवर येतो. मोठ्या बोअरने माणूस मोठा नेमबाज होत नाही, हे त्या खेळातल्या लोकांनीच ठरवून टाकले आहे. आपल्याकडचे जाणकार मात्र अजून आवाजावरून पिस्तुलाची पारख करतात.

घरी भरण्याचा सल्ला तर सरळ तुरुंगाचा रस्ता आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो आणि काडतुसाचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. कायदा बाजूला ठेवला तरी चुकून दोनदा दारू पडलेले एक काडतूस पिस्तुलाच्या आणि बोटांच्या चिंधड्या करू शकते. शिवाय भंगारात आलेले पितळ कुठून आले, किती वेळा उडाले, कुणाला माहीत?

पितळाचा मोह काय करतो, हे आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या सीमेवर लष्कराची के. के. रेंज आहे, खारे कर्जुने गावावरून नाव पडलेली. रणगाड्यांच्या सरावानंतर उरलेल्या धातूसाठी गरीब माणसे आत शिरतात. न फुटलेला गोळा हाती लागतो आणि माणूस जातो. मुलीचे वडील मला म्हणाले, "सर, रेंजचा माल मी घेत नाही. त्या पितळाला रक्ताचा वास येतो." व्हिडिओ दाखवणाऱ्या शहाण्यापेक्षा या भंगारवाल्याला पितळ जास्त कळते.

आता तिसरा सल्ला. आपल्या पोरीच्या हातात पिस्तूल दिसले तर लोक काय म्हणतील, ही भीती मी खोटी म्हणत नाही. मी त्याच मोहल्ल्यात राहतो. पण मुलीला घरी बसवून ही भीती जात नाही, ती पुढच्या पिढीला मिळते. खेळ उघड्यावर हवा. शाळेच्या सभागृहात, हजेरीपटावर नाव असलेला, कुणीही दारात उभे राहून पाहावा असा. कायद्यानेही वाट मोकळी ठेवली आहे: ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही.

मग अडते कुठे? हिशेब करा. रोज १०० नेम, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे ५० आठवडे: २५,००० नेम. एका नेमामागे एक रुपया वाचला तरी वर्षाला २५,००० रुपये वाचतात. बोअर निवडायचा तो या हिशेबाने, आणि हा हिशेब गरिबाला छर्ऱ्याकडेच आणतो. पण छर्रे परवडले तरी उडवायचे कुठे? बालेवाडीचे संकुल इथून दीडशे किलोमीटर. तालुक्यात एक एअर पिस्तूल रेंज द्या म्हणून मी एका कार्यालयात विचारले, तर उत्तर मिळाले, "आधी खेळाडू दाखवा." रेंज नसताना खेळाडू कुठून दाखवू?

१० मीटर म्हणजे फार तर दोन वर्गखोल्या. एक भक्कम भिंत, छर्रे अडवणाऱ्या लोखंडी पेट्या, चार पिस्तुले, एक प्रशिक्षक. एवढे प्रत्येक तालुक्याला मिळालेच पाहिजे. .३२ खेळणाऱ्यांच्या पुंगळ्या मोठ्या क्लबांत, परवान्याने, जाणत्या हातांनी, मोजून भरल्या जाव्यात. आणि .२२ चे पितळ चेपून, वजन नोंदवून वितळायला जावे; त्याचे पैसे नव्या मुलांच्या छर्ऱ्यांना मिळावेत.

मुलीच्या वडिलांना मी सांगितले, पिस्तूल इतक्यात घेऊ नका. अर्ज लिहिला आहे, त्यावर सही करा. त्यांनी केली, खाली मुलीनेही केली. राहुरीत राहणाऱ्या वाचकांनी शाळा सुटल्यावर येऊन आपली सही करावी. "खेळाडू दाखवा" म्हणणाऱ्यांसमोर मला पुढच्या वेळी रिकाम्या हाताने जायचे नाही.