बंबाचं ट्यूनिंग

आमच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. ऑफिसात हे सांगितलं की नव्या पोरांचा पहिला प्रश्न, "म्हणजे फायर ब्रिगेडचा?" नाही हो! अंघोळीचं पाणी तापवायचा. मधोमध नळकांडं, त्यात विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचं दार, बाजूला तोटी. म्हणजे घरगुती कोळशाचा बॉयलरच की.

गिझर आहेच. पण संभाजीनगरात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते, म्हणून बंब अंगणात तयार असतो. गेल्या थंडीत मी त्याच्यावर प्रयोग केले. (शनिवारी माणसाने दुसरं काय करावं?)

आधी हिशेब. दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ४२०० किलोज्यूल लागतात. चांगल्या लोणारी कोळशात किलोला २९-३० हजार किलोज्यूल असतात. कागदावर १४० ग्रॅम पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं तर आम्ही ७०० ग्रॅम जाळत होतो! पाचातला एक भाग पाण्यात, बाकी चार आकाशात.

मग डीबगिंग. नळकांड्यातली काजळी खरवडली, कारण तांबं कितीही उष्णता वाहो, काजळीची गोधडी पांघरली की संपलं. आणि खरा खेळ हवेचा. पेटवताना राखेचं दार सताड उघडं. निखारा लाल झाला की दार बोटभर ठेवायचं, नाहीतर जास्तीची हवा तापून नळकांड्यातून नुसती निघून जाते. वर पत्र्याचा तुकडा अर्धवट. पाणी काढलं की तितकंच वरून ओतायचं, नाहीतर कोरड्या भागाचा डाख सुटतो. इतकं करून ४५० ग्रॅमवर आलो. आईला आकडे दाखवले. ती म्हणाली, "तुझी आजी पत्र्याचा तुकडा ठेवायचीच की." असो.

इथे माझ्यातला शहाणा इंजिनिअर जागा झाला. वाऱ्याने ज्वाळा हलते म्हणून एका पहाटे बंब बाथरूममध्ये आणला, खिडकी लावली, राखेचं दारही जवळजवळ बंद केलं. हवा कमी, बचत जास्त! दहा मिनिटांत डोकं जड, पाय लटपटायला लागले. आईने दार उघडून बाहेर ओढलं म्हणून हे लिहितोय.

नंतर शांतपणे विचार केला. कार्बन पूर्ण जळला तर किलोला सुमारे ३३ हजार किलोज्यूल देतो. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर जेमतेम ९ हजार. म्हणजे हवा आवळून मी कोळसा वाचवत नव्हतोच, उलट दोन तृतीयांशांहून जास्त उष्णता विषारी वायूच्या रूपात तशीच सोडून देत होतो. आणि या वायूला ना वास, ना रंग.

हे सगळं जुन्या बंबापुरतं वाटेल. पण आपल्यापैकी कितीजणांच्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर बाथरूमच्या आत, दाराच्या वर टांगलाय? तोही हवाच खातो, आणि थंडीत आपण व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतो. अशा बंद बाथरूममधले मृत्यू महाराष्ट्रात वारंवार बातम्यांत येतात. माझं स्पष्ट मत आहे की गॅस गिझर आत लावूच नये. बाहेर डक्टच्या भिंतीवर लावा, आत फक्त पाइप आणा. प्लंबर कुरकुर करेल, करू द्या.

इलेक्ट्रिकवाल्यांनीही फार खुश होऊ नये. तुमचा बॉयलर फक्त लांब आहे, परळीला नाहीतर आणखी कुठे. असल्या जुन्या धाटणीच्या संचांत कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, मग तारांतली गळती वेगळी. २०१३च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. आणि त्या विजेवर आपण काय करतो? थर्मोस्टॅट ७० वर ठेवून पाणी उकळतो, मग बादलीत गार पाणी मिसळून ४० वर आणतो. टाकीतलं उरलेलं पाणी दिवसभर भिंतीला उष्णता देत बसतं. मी आमचा ५० वर आणलाय. अंघोळीत काडीचाही फरक नाही.

बंब परत अंगणात गेलाय. पत्र्याच्या तुकड्याला आईने खिळ्याने एक भोक पाडलंय, मी चुकून पूर्ण झाकू नये म्हणून.