खोक्याच्या आत काय चालते?

हल्ली आपल्या वस्त्यांतूनही कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या दिसतात. पोटाला चिमटा घेऊन आईबाप फी भरतात. चार महिन्यांत मुलगी प्रोग्राम लिहू लागते, घरात आनंद होतो. आम्हालाही होतो. पण तिला एक प्रश्न विचारून पाहा : "पाच अधिक तीन असे तू लिहिलेस, ते यंत्राला कळले कसे?" बहुतेक मुले गप्प होतात. दोष त्यांचा नाही. वरची भाषा शिकवली, खालचे कोणी दाखवलेच नाही.

आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये सीएनसी लेथवर राबणाऱ्या कामगाराला हे चटकन समजेल. जी-०१ ही आज्ञा दिली की हत्यार सरळ रेषेत कापत जाते. पण मोटारीला जी-०१ कळत नाही. मधला कंट्रोलर त्या आज्ञेचे विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करतो, तेव्हा मोटार फिरते. कॉम्प्युटरचेही तसेच. आपण लिहितो ती माणसाच्या सोयीची भाषा. प्रोसेसरला कळतात ते आकडे, आणि तेही एक व शून्य अशा दोनच खुणांचे.

इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा छोटा प्रोसेसर. आपल्या बारावीच्या बायफोकल संगणकशास्त्रात अनेक वर्षे तो शिकवला गेला. त्याला पाच-तीनची बेरीज अशी सांगावी लागते : ३ई ०५, ०६ ०३, ८०, ७६. म्हणजे ए कप्प्यात पाच ठेव, बी कप्प्यात तीन ठेव, बी मधले ए मध्ये मिळव, थांब. एवढेच! सारी जादू अशा लहान लहान कामांची आहे.

हे शिकायला घरी कॉम्प्युटर असायलाच हवा असे नाही. कागदाचे आठ तुकडे घ्या. डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे लिहा. उलटा तुकडा म्हणजे शून्य, सुलटा म्हणजे एक. पाचसाठी ४ आणि १ सुलटे करा. त्याखाली दुसऱ्या आठ तुकड्यांनी तीन मांडा : २ आणि १. आता उजवीकडून बेरीज करा. एक आणि एक झाले की शून्य लिहायचे, हातचा एक डावीकडे. हातचा सरकत सरकत ८ च्या घरात जातो. उत्तर आठ! तिसरीतला हातचाच यंत्राच्या पोटात बसला आहे.

आठही तुकडे सुलटे केले की २५५ होतात. त्याहून मोठा आकडा त्यात मावत नाही. ही साधी गोष्ट दुर्लक्षिली की काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उडाल्यावर मिनिटाच्या आत फुटले. सोळा घरांच्या जागेत न मावणारा आकडा त्यात कोंबला गेला होता.

भाषा बदलत राहतात. बेसिक, फॉक्सप्रो शिकलेल्यांना पुढे नव्या भाषांसाठी पुन्हा फी भरावी लागली. खालचे शून्य-एक मात्र तेच राहिले. ते ज्याला कळले, त्याला नवी भाषा जड जात नाही आणि प्रोग्राम अडला की तो घाबरत नाही, शोधत बसतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. फी भरण्यापूर्वी क्लासमध्ये विचारा : "खोक्याच्या आत काय चालते, हे शिकवता का?" आणि ताई-दादांनो, या रविवारी धाकट्यांना घेऊन कागदाचे तुकडे मांडा.