माईक कुणाच्या बापाचा?

मी गोदीत पोती उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो. आजोळ माझं निपाणीचं. आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला रेडिओ. सुई इकडं फिरवली की सांगली, तिकडं फिरवली की धारवाड. १९५६ साली निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात टाकलं आणि माणसं भाषेच्या काट्यावर तोलली गेली. रेडिओच्या लाटा मात्र नाक्यावर थांबत नव्हत्या.

पण आजी बोलायची ती भाषा, अर्धी मराठी, अर्धी कानडी, तंबाखूच्या खोकल्यानं तुटलेली, ती मी ना सांगलीवर ऐकली ना धारवाडवर. दोन केंद्रं, दोन भाषा, नाक मुरडणं एकच.

आता काही पांढरपेशे गळा काढतायत. जुना रेडिओ गेला, अभिरुची गेली, एफएमचा गोंगाट आला. अरे, गेला तो कुणाचा गेला? केसकर मंत्री असताना १९५२ साली आकाशवाणीवर सिनेमाची गाणी बंद पडली. शास्त्रीय ऐका आणि सुधारा! लोकांनी वाद घातला नाही. सुई फिरवली, समुद्रापलीकडचं रेडिओ सिलोन लावलं. मग झक मारत १९५७ साली विविध भारती काढावी लागली. दोस्तांनो, हे ध्यानात ठेवा. तो फॉरमॅट ऐकणाऱ्यांनी बदलायला लावला.

आणि एफएमवाल्यांनीही आपल्यावर उपकार केलेले नाहीत. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, लहरी ही जनतेची मालमत्ता. पाचेक वर्षांत त्या जनतेच्या मालमत्तेचा लिलाव सुरू झाला. गावची गायरानं कशी जातात ते आपल्याला ठाऊक आहे, हेही तसंच. खाजगी एफएमला स्वतःची बातमी द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमी लावायची, तीही जशीच्या तशी. म्हंजे वस्तीच्या नळावर डोकी फुटली तरी जॉकी पोरीला पटवायचं कसं तेच सांगणार.

फॉरमॅट बदलला. माईकपुढची खुर्ची बदलली नाही.

ती कुणी बदलली ते दुसऱ्या एका शिवेवर जाऊन बघा. बिदरच्या पलीकडं, तेलंगणातल्या जहीराबादजवळ माचनूर गाव आहे. तिथं संघम रेडिओ आहे. चालवतात दलित बाया, शेतात राबणाऱ्या. १९९८ साली युनेस्कोच्या मदतीनं स्टुडिओ उभा राहिला, पण लायसन मिळेना. दहा वर्षं त्या कॅसेटी भरून बायांच्या बैठकीत वाजवत राहिल्या. २००६ साली धोरण बदललं, संस्थांना दार उघडलं. १५ ऑक्टोबर २००८ ला रेडिओ हवेत गेला. त्यावर बी-बियाणं, ज्वारी, दवापाणी, गाणी. बोली त्यांची स्वतःची, शहरी रंधा न मारलेली.

स्वतःची बातमी द्यायला बंदी तिथंही आहे. म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आपलं जगणं गाण्यात घातलं, गप्पांत घातलं.

आणि आपण? शहरात राहतो, मोबाईल खिशात, रात्रभर दुसऱ्याचं ऐकतो. मोर्चात घोषणा देऊन घसा बसवतो नि सकाळी कामावर जातो. घसा बसेल दोस्तांनो, ट्रान्समीटर बसत नाही. संस्था नोंदवा. अर्ज टाका. दहा वर्षं लागली तर दहा वर्षं कॅसेटी भरा.

आजी गेली. तिचा आवाज कुठल्याच केंद्रात साठवलेला नाही. तुमच्या आजीचा तरी आज रात्री भरून घ्या.